कोरड्या दिवशी भरलेला रांजण

सिस्टर, अंगणातला रांजण तू भरून ठेवलास तो काल सकाळपर्यंत तसाच भरलेला होता. काल मंगळवार, म्हणजे आपल्या गावाचा कोरडा दिवस. साठवलेलं पाणी रिकामं करायचं, भांडी आतून घासायची, उन्हात वाळवायची आणि मगच पुन्हा भरायची, म्हणजे डासाची अळी जगत नाही, हे मी सारी नोकरी दारोदार सांगत आलो. आणि माझ्याच अंगणात मी तुझ्या हातचं पाणी धरून बसलो होतो. या पाण्याचं काय करायचं हे तुला विचारल्याशिवाय ठरत नव्हतं, आणि विचारायला तू नव्हतीस.

नवरा बायकोला सिस्टर म्हणतो याचं तुझ्या माहेरी अजूनही हसू होतं. पण अमडापूर रोडवरच्या या गावात आपण दोघं एकाच आरोग्य उपकेंद्रावर रुजू झालो तेव्हा सारं गाव तुला सिस्टर म्हणायला लागलं, आणि मी एकट्यानं वेगळी हाक मारली असती तर तू ओ दिली नसतीस. तुझ्याकडे बाळंतपणं, लसी, गोळ्या. माझ्याकडे विहिरी, टाक्या, गटारं आणि डास. पुढे मला बढती मिळाली, आरोग्य सहाय्यक झालो, आसपासच्या गावांचं काम तपासायला लागलो. मी पेढे घेऊन घरी आलो तर तू दारातच अडवलंस.

"साहेब झाले तं झाले, पन शर्ट बाहेरच काढा. अंगाले ब्लीचिंगचा वास येऊन राह्यला."

पेढा तू नंतर खाल्लास. आधी मला आंघोळीला पाठवलंस.

तुला दवाखान्यात न्यायचं ठरलं तो दिवस नेमका नळाच्या पाळीचा होता. गाडी दारात उभी होती. आपला पोरगा अमोल पुण्याहून रजा टाकून आलेला, त्याची घाई चाललेली. आणि तू रांजणात नळी सोडून शेजारी स्टुलावर बसलेली, एक हात पोटावर दाबून धरलेला. रांजण अर्ध्यावर आला होता. मी म्हटलं, "राहू दे व आता. पानी कुठं पळून जाते?"

"पळूनच जाते," तू म्हणालीस. "आता गेला नळ तं आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाही. घरी आल्यावर पानी लागन का नाही?"

काठोकाठ भरेपर्यंत तू उठली नाहीस. वर फळी ठेवलीस, फळीवर दगड ठेवलास, हात पुसलेस आणि मग गाडीत बसलीस. घरी आल्यावर, असं तू म्हणाली होतीस. त्या वाक्यावर मी अजून अडकून आहे. तुला माहीत होतं की नव्हतं? लोकांच्या पोटाला हात लावून तू निदान सांगायचीस, स्वतःच्या पोटाला हात लावून तुला काहीच कळलं नसेल, हे मला पटत नाही. पण माहीत असतं तर रांजण भरला असतास का? तूच भरला असतास. दुसऱ्या कुणी नसता भरला.

दवाखान्यातून तुला पांढऱ्या चादरीत घरी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरून गेलं होतं. चहाला पाणी, हातपाय धुवायला पाणी. कुणीतरी फळी काढून रांजणात तांब्या बुडवला आणि मी तुझ्या उशाशी बसूनच ओरडलो, "त्या रांजणाले हात लावू नोका." तुझी मोठी बहीण अमोलच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. त्यानं निमूटपणे पाण्याचे जार मागवले. फळी कुणी कुठं नेली ती सापडली नाही, म्हणून मी कापड बांधलं. वंदनेला बसलेली माणसं माझ्याकडे चोरून बघत होती, की साहेबाचं डोकं ठिकाणावर आहे का. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही जारच आले. तेवढे दिवस मी ते कापड उचललं नाही. उचललं असतं तर आतलं दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

ओतायचं की गाळायचं, यावरून आपण जितकं भांडलो तितकं दुसऱ्या कशावरून भांडलो नाही. सुरुवात सरूबाईच्या दारात झाली. उन्हाळा होता, गावाला टँकर लागला होता आणि तापाचे पेशंट निघायला लागले म्हणून आम्ही घरोघर भांडी तपासत होतो. सरूबाईच्या ड्रममध्ये अळ्या दिसल्या. मी ड्रमच्या काठाला हात घालून तो आडवा करायला गेलो आणि तू चार माणसांदेखत माझं मनगट धरलंस.

"साहेब, ही बाई उन्हात टँकरमांगं धावली तवा हे पानी घरात आलं. तुम्ही एका हातानं मातीत ओतता?"

मग तू सरूबाईचं जुनं लुगडं मागवलंस, त्याची चौघडी केलीस, दुसऱ्या पिंपावर बांधलीस आणि तांब्या-तांब्यानं सगळं पाणी गाळून घेतलंस. लुगड्यावर राहिलेल्या अळ्या उन्हात तापलेल्या फरशीवर झटकल्यास. ड्रम राखेनं घासून घेतलास आणि पाणी परत भरलंस. या सगळ्याला तासभर लागला. माझी निम्मी गल्ली तपासायची राहिली. सरूबाई मात्र त्या दिवसापासून मला बघितलं की पदर सावरून म्हणायची, "या साहेब, तुम्हाले नाही, सिस्टरले बोलावलं होतं."

घरी आल्यावर मी बोललो. माझं म्हणणं साधं होतं, आजही तेच आहे. अळी कापडावर राहते, पण अंडी भांड्याला चिकटलेली असतात. तू राखेनं घासलंस, पुढच्या वेळी सरूबाई घासेल का? घाईत नुसतं गाळेल आणि मोकळी होईल. शिवाय आदेश रिकामं करण्याचा आहे. भाजी चिरता चिरता तू म्हणालीस, "आदेश मुंबईहून येते. पानी आपल्याकडे टँकरनं येते." मी म्हटलं, औषध टाकू. तू म्हणालीस, औषध मोठ्या टाक्यांनाच पुरत नाही, पिंपा-पिंपात कुठून टाकणार. मी म्हटलं, मग गप्पी मासे सोडू. तू सुरी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "ज्या पान्यानं भांडे घासायचे त्याच्यात मासोळ्या? सोडून पाहा आपल्या रांजणात." मी सोडले नाहीत.

एका वर्षी तुझ्या गाळलेल्या गल्लीतच ताप निघाला. एक लहान पोरगी बुलढाण्याला न्यावी लागली. ती बरी होऊन घरी येईपर्यंत तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तू रोज तिच्या घरी जाऊन तिच्या आईजवळ बसायचीस. मी तुला काहीच म्हटलं नाही. म्हणण्यासारखं होतं, पण म्हटलं नाही. मग दुसऱ्या वर्षी माझ्या ओतलेल्या गल्लीतही ताप निघाला. तिथली माणसं आमची टीम आली की दाराला कडी घालायची आणि ड्रम मागच्या खोलीत, गोधड्यांआड लपवायची. लपवलेल्या ड्रममध्ये कोण बघणार? तेव्हा तूही मला काही म्हटलं नाहीस. कुणाची पद्धत बरोबर याचा निकाल त्या दोन वर्षांत लागला नाही, नंतरही लागला नाही. दर उन्हाळ्यात आपण ते भांडण नव्यानं काढायचो, आणि जेवण झालं की तसंच ठेवून द्यायचो.

पण एक सांगतो, हे तुझ्यासमोर बोलायची कधी वेळ आली नाही. लोकांच्या घरात शिरायला मला तू शिकवलंस. मी दारातून विचारायचो, "पानी कुठं साठवलं?" तू म्हणायचीस, आधी सुनेचं विचारा, मग म्हातारीच्या गुडघ्याचं विचारा, रांजण कुठं पळून जात नाही. गावच्या विहिरीचं पाणी तपासायला गेलो की बायका नाक मुरडायच्या, ब्लीचिंगनं चहा नासतो म्हणायच्या. त्या बायकांना तू उपकेंद्रात बसवलंस, त्याच विहिरीच्या पाण्याचा चहा करून दिलास आणि पहिला घोट स्वतः घेतलास. चहा खरंच वाईट झाला होता. तू चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाहीस. त्या दिवसानंतर विहिरीत पावडर टाकताना मला कुणी अडवलं नाही. माझी नोकरी सुखानं गेली ती तुझ्यामुळं. हे तुला माहीत असणार, पण माझ्या तोंडून तू ऐकलं नाहीस.

आता कालचं सांगतो. सकाळी वनिता आली. आपल्या गावाची आशा सेविका, तू हाताला धरून तयार केलेली, पंचायतीसमोर चार शब्द बोलायला घाबरायची तीच वनिता. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि खडू. मी ओसरीवर बाजेवर पडलो होतो. अमोल आत झोपला होता.

"सर, काही खाल्लं का सकाळून?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिला ती हो वाटली की नाही, कुणास ठाऊक.

ती कामाला लागली. माठ पाहिला. कूलर पाहिला. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, तो तर चांगल्या चांगल्यांच्या लक्षात येत नाही. गच्चीवर जाऊन टाकीत बॅटरी मारून आली. मग रांजणाजवळ गेली. कापडावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं कालची तारीख घातली आणि खाली लिहिलं, पाच भागिले शून्य. म्हणजे पाच भांडी पाहिली, अळी एकातही नाही. पिशवी उचलून ती फाटकाकडे निघाली.

माझं डोकं फिरलं. तू गेल्यापासून मला राग असा आलाच नव्हता, तो काल आला.

"वनिता, रांजण पाह्यला का?"

"पाह्यला, सर."

"कापड न काढता?"

ती जागीच थांबली. वळली नाही.

सिस्टर, आपण शेकडो गोष्टींवरून भांडलो, पण एका गोष्टीवरून कधी भांडलो नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भिंतीवर लिहायचं नाही. घर बंद असेल तर बंद लिहायचं. कुत्रं आत जाऊ देत नसेल तर तसं लिहायचं. सरपंचाच्या घरी अळी निघाली तर सरपंचाच्या भिंतीवर लिहायचं, आणि तू ते लिहिलंही होतंस, त्यानं बदलीची धमकी दिली तरी पुसलं नव्हतंस. आणि काल तुझ्याच भिंतीवर, तुझ्याच पोरीनं, माझ्यावर दया करून खोटं शून्य लिहिलं होतं.

मी उठलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या रांजणापाशी गेलो आणि कापडाची गाठ सोडली. मधोमध कापड पाण्याला टेकलेलं होतं. भिजून खाली आलेलं कापड आणि उघडं भांडं सारखंच, हे मी किती सभांमध्ये बोललोय. वनितानं न सांगता बॅटरी मारली. अळ्या सगळ्या वर टांगलेल्या होत्या. उजेड पडला तशा वळवळत तळाकडे गेल्या.

वनिता रडायला लागली. "सर, हे सिस्टरनं भरलेलं पानी हाय. त्याच्यात अळी हाय असं मी भिंतीवर कसं लिहू?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "औषध टाकू का थोडंसं? पानी राहीन तरी."

"औषध नोको," मी म्हटलं. "ओतायचंही नाही. आत जा, तिचं एखादं जुनं लुगडं आन. गाळून घेऊ."

माझ्या तोंडून हे निघालं आणि मीच चपापलो. सारा जन्म मी ज्याच्या विरोधात बोललो तेच. वनिता मात्र जागची हलली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या परीक्षेत नापास झालो.

"सर, एक सांगू? रागवसान तं नाही?"

"सांग."

"सिस्टर आपल्या घरचं पानी कधी गाळत नव्हत्या. रिकामं करत होत्या. तुम्ही गाडीवर बसून फाट्याले लागले का पह्यला हाच रांजण. मंग आम्ही गावात निंघो."

"दर मंगळवारी?"

"हाव. मी इचारलं होतं त्यायले, की लोकायच्या घरी गाळता आन् आपल्या घरी काऊन रिकामं करता? तं म्हने, अंडे भांड्याले चिकटून राह्यते हे साहेबाचं खरं हाय. पन टँकरमांगं धावनाऱ्या बाईले मी ओत कशी म्हनू? आपल्या दारात नळ हाय, आपन करू शकतो."

"मले कधी बोलली नाही."

वनिताच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती किंचित हसली. "तुम्हाले सांगू नोको म्हने. साहेबाले समजलं तं डोक्यावर चढून बसतील."

मंगळवारी मी फिरतीवरून परत यायचो तेव्हा दोरीवर गोधड्या असायच्या, चादरी असायच्या, पडदे असायचे. इतर दिवशी नाही, मंगळवारीच. मी तुला म्हणायचो, लोकांचं पाणी वाचवते आणि आपलं धुण्यात घालते. तू नुसती हसायचीस. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून हसते. अगं, पाण्याचा थेंब न सांडता तू दर आठवड्याला रांजण रिकामा करत होतीस, माझाच नियम पाळत होतीस, आणि मला जिंकू देत नव्हतीस! मी अंगणात मोठ्यानं हसलो. तू गेल्यावर मला हसू येईल असं वाटलं नव्हतं. आत अमोल जागा झाला आणि घाबरून धावत बाहेर आला.

"वनिता," मी म्हटलं, "ते शून्य पूस. एक लिही."

तिनं पदराच्या टोकानं शून्य पुसलं आणि एक लिहिला.

ओसरीच्या कोपऱ्यात सतरंज्या आणि चादरींचा ढीग पडला होता. तुझ्यासाठी आलेली सगळी माणसं त्यांच्यावर बसली होती, काही निजली होती, लहान मुलांनी चहा सांडला होता. मी तो ढीग अंगणात आणला. अमोल म्हणाला, "बाबा, मशीन आहे ना घरात. मी लावतो." मी म्हटलं, तू रांजणातलं पाणी काढून दे. त्यानं वनिताकडे बघितलं, तिनं मान हलवली, आणि तो पँट वर दुमडून तांब्या घेऊन उभा राहिला.

त्यानं पाणी काढलं, मी साबण लावला, वनितानं पिळून दोरीवर टाकल्या. तिला दुसरी घरं होती, तरी ती थांबली. पाणी कमी होत गेलं तसा मला हुंदका यायला लागला, आणि तो मी दाबला नाही. पोरासमोर रडलो. तोही रडला, तांब्या हातात धरून. तुझ्या हातचं पाणी काळं होऊन मोरीतून चाललं होतं आणि सतरंज्या स्वच्छ होत होत्या. ते पाणी असं जपून ठेवलेलं तुला आवडलं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तू कुठलीच गोष्ट वापराविना ठेवली नाहीस.

तळाचं शेवटचं पाणी, ज्यात अळ्या गोळा झाल्या होत्या, ते अमोलनं ऊन पडलेल्या फरशीवर ओतलं. मग खांद्यापर्यंत हात आत घालून त्यानं रांजण घासला. तळाशी थोडी माती होती, दुसरं काही नव्हतं. दुपारभर तो उघडा वाळत होता.

आपलं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. सरूबाईच्या दारात तू बरोबर होतीस, आणि आपल्या अंगणात तू मला बरोबर ठरवलंस, तर मग मी कुठं बरोबर होतो ते मला आता कोण सांगणार? वनिताला विचारायची सोय नाही. ती तुझीच बाजू घेईल.

संध्याकाळी उंद्रीहून एक गृहस्थ भेटायला आले. जुने आरोग्य सेवक, तू त्यांना ओळखतेस, मोठ्या आवाजाचे, आता गुडघ्यांनी बसलेले. आजारपणामुळं आधी येता आलं नाही म्हणाले. बाजेवर बसले. आपल्यासारख्या माणसांना सांत्वन जमत नाही. त्यांनी पाऊसपाण्याचं विचारलं, अमोलच्या नोकरीचं विचारलं, आणि मग शब्द संपले तशी सवयीनं त्यांची नजर दाराशेजारच्या भिंतीवर गेली. त्यांनी चष्मा वर केला आणि परत वाचलं.

"साहेब," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या घरी एक?"

तू गेलीस, असं सगळे म्हणत होते. अमोल फोनवर म्हणत होता, तुझी बहीण म्हणत होती, वंदनेच्या वेळी मोठ्यानं म्हटलं गेलं होतं. मी म्हटलं नव्हतं.

"हाव," मी म्हटलं. "सिस्टर नाही आता घरात."